घटक ६ : राजकीय कारकीर्द आणि तिची भाषा – मार्टिन मॅकगिनेस यांचा अभ्यास

६.० उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर तुम्हांला –

● उत्तर आयर्लंडमधील प्रादेशिक शासनाची रचना थोडक्यात स्पष्ट करता येईल.
● मार्टिन मॅकगिनेस यांच्या राजकीय कारकिर्दीचे टप्पे सांगता येतील.
● स्थलनामे, पदनामे व विशेषणे यांतून राजकीय भूमिका कशी व्यक्त होते, याचे विवेचन करता येईल.
● वादग्रस्त व्यक्तीविषयी मराठीत लिहिताना शब्दांची निवड कोणत्या कसोट्यांवर करावी, हे सांगता येईल.

६.१ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, मागील घटकात आपण भाषा आणि सामाजिक अस्मिता यांच्या संबंधाचा तात्त्विक विचार केला. शब्द वस्तूचा निर्देश करतो आणि त्याच वेळी बोलणाऱ्याची जागाही दाखवतो, हे सूत्र तेथे आले होते. प्रस्तुत घटकात हेच सूत्र आपण एका सविस्तर उदाहरणाच्या आधारे तपासणार आहोत. आयर्लंडमधील प्रजासत्ताकवादी नेते मार्टिन मॅकगिनेस (१९५०–२०१७) यांची प्रादेशिक शासनातील कारकीर्द हे ते उदाहरण होय.

हे उदाहरण निवडण्याचे कारण स्पष्ट आहे. तरुणपणी सशस्त्र संघटनेत असलेला एक माणूस पुढे त्याच प्रांताचा शिक्षणमंत्री होतो आणि नंतर जवळजवळ दहा वर्षे शासनाच्या सहप्रमुखपदी राहतो. त्याच्या आयुष्याविषयी एक वाक्य लिहायचे म्हटले, तरी लेखकाला पहिल्याच शब्दापाशी थांबावे लागते. तो जेथे जन्मला त्या शहराचे नाव कोणते? त्या प्रदेशाला काय म्हणावे? त्याच्या पदाचे मराठी भाषांतर काय? आणि तो स्वतः कोण – क्रांतिकारक, दहशतवादी की राजकीय नेता? या प्रश्नांची उत्तरे शब्दकोशात सापडत नाहीत. ती इतिहासात आणि संदर्भात शोधावी लागतात.

मराठी वाचकाला आयर्लंड अगदीच परके नाही. लोकमान्य टिळकांनी एप्रिल १९१६ मध्ये बेळगाव येथे होमरूल लीगची स्थापना केली, तेव्हा ‘होमरूल’ हा शब्द आयरिश चळवळीतूनच आपल्याकडे आला होता. त्याच महिन्यात डब्लिनमध्ये ब्रिटिश सत्तेविरुद्ध ‘ईस्टर उठाव’ झाला. तेथील राजकारणाचे काही शब्द आपल्या राजकीय परिभाषेत शंभर वर्षांपूर्वीच रुजलेले आहेत.

६.२ विषय-विवेचन

६.२.१ प्रदेश आणि त्याची नावे

१९२० च्या कायद्यानुसार १९२१ मध्ये आयर्लंडची फाळणी झाली. ईशान्येकडील सहा परगण्यांचा ‘उत्तर आयर्लंड’ हा वेगळा प्रांत निर्माण होऊन तो ब्रिटनशी जोडलेला राहिला. उरलेल्या भागातून पुढे स्वतंत्र आयरिश राज्य आकाराला आले. उत्तर आयर्लंडमध्ये दोन मोठे समाज होते. ब्रिटनशी एकत्र राहू इच्छिणारे ते ‘युनियनिस्ट’. हे बहुतांशी प्रॉटेस्टंट होते. संयुक्त आयर्लंड हवे असणारे ते ‘राष्ट्रवादी’. हे बहुतांशी कॅथलिक होते. राष्ट्रवाद्यांमधील जो गट ब्रिटिश सत्तेची वैधताच नाकारत असे, त्याला ‘प्रजासत्ताकवादी’ म्हणतात. शिन फेन हा त्यांचा पक्ष आणि आयरिश रिपब्लिकन आर्मी (आयआरए) ही त्यांची सशस्त्र संघटना.

१९२१ पासून १९७२ पर्यंत प्रांतिक संसदेत सत्ता अखंडपणे युनियनिस्टांकडे राहिली. घरवाटप, नोकऱ्या आणि मतदारसंघांची आखणी यांत आपल्याशी भेदभाव होतो, अशी कॅथलिकांची तक्रार होती. १९६० च्या दशकाच्या अखेरीस नागरी हक्कांची चळवळ उभी राहिली आणि तिच्या पाठोपाठ हिंसाचाराचे पर्व सुरू झाले. सुमारे तीस वर्षांच्या या काळात साडेतीन हजारांहून अधिक माणसे मारली गेली. इंग्रजीत या पर्वाला ‘ट्रबल्स’, म्हणजे ‘त्रास’ किंवा ‘उपद्रव’ असे सौम्य नाव पडले. एवढ्या मोठ्या संहाराला इतका घरगुती शब्द वापरला जावा, हेही भाषेच्या अभ्यासकाने टिपून ठेवण्यासारखे आहे.

या प्रदेशाची नावे पाहा. ‘उत्तर आयर्लंड’ हे अधिकृत नाव. अनेक युनियनिस्ट ‘अल्स्टर’ किंवा नुसते ‘प्रांत’ असे म्हणतात. प्रजासत्ताकवादी मात्र अधिकृत नाव टाळून ‘आयर्लंडचा उत्तर भाग’ किंवा ‘सहा परगणे’ असे म्हणतात. कारण अधिकृत नाव उच्चारणे म्हणजे फाळणी मान्य करणे, असे त्यांना वाटते. मॅकगिनेस यांचे जन्मगावही याला अपवाद नाही. मूळ आयरिश शब्द ‘दोरे’, अर्थ ओकवृक्षांची राई, त्यावरून ‘डेरी’. १६१३ च्या सनदेने त्यामागे ‘लंडन’ जोडले गेले आणि ‘लंडनडेरी’ झाले. १९८४ मध्ये नगरपरिषदेने आपले नाव बदलून ‘डेरी’ केले. शहराचे अधिकृत नाव मात्र ‘लंडनडेरी’च राहिले. एखादा माणूस यांतील कोणते नाव घेतो, यावरून त्याचा समाज ओळखता येतो असे तेथे मानले जाते. स्थलनाम येथे अस्मितेची खूण बनते. या घटकात ‘डेरी’ हा रूढ संक्षेप वापरला आहे. तोही पूर्णपणे तटस्थ नाही, याची जाणीव ठेवून पुढे जाऊ.

६.२.२ डेरीतील तरुण ते वाटाघाटी करणारा नेता

मॅकगिनेस यांचा जन्म २३ मे १९५० रोजी डेरीतील बॉगसाइड या कॅथलिक वस्तीत झाला. अकराव्या वर्षी द्यावी लागणारी निवड परीक्षा ते उत्तीर्ण झाले नाहीत. पंधराव्या वर्षी शाळा सुटली आणि पुढे ते खाटकाच्या दुकानात मदतनीस म्हणून काम करू लागले. १९७० च्या सुमारास ते आयआरएमध्ये सामील झाले. ३० जानेवारी १९७२ रोजी डेरीत ब्रिटिश सैनिकांनी नागरी हक्क मोर्चावर गोळीबार केला. त्यात त्या दिवशी १३ जण ठार झाले आणि एका जखमीचा पुढे मृत्यू झाला. हा दिवस ‘रक्तरंजित रविवार’ म्हणून ओळखला जातो. त्या वेळी आपण डेरीतील आयआरएचे दुय्यम प्रमुख होतो, असे मॅकगिनेस यांनी पुढे सॅव्हिल चौकशी आयोगासमोर मान्य केले.

त्याच वर्षी जुलैमध्ये ब्रिटिश मंत्री विल्यम व्हाइटलॉ यांच्याशी लंडनमध्ये गुप्त बोलणी झाली. आयआरएच्या शिष्टमंडळात २२ वर्षांचे मॅकगिनेस होते. ही बोलणी निष्फळ ठरली. पुढे आयर्लंडच्या प्रजासत्ताकातील न्यायालयाने त्यांना दोन वेळा शिक्षा केली. आपण १९७४ मध्ये आयआरए सोडली, असे ते नेहमी सांगत. त्यांच्या टीकाकारांनी आणि अनेक इतिहासकारांनी ते कधीच स्वीकारले नाही. चरित्रलेखकाला येथे ‘त्यांनी संघटना सोडली’ असे सरळ विधान करता येत नाही आणि ‘सोडली नाही’ असेही न्यायालयीन निर्णयाच्या थाटात म्हणता येत नाही. ‘असे ते सांगत’ आणि ‘असे इतर मानतात’ ही दोन्ही वाक्ये शेजारी ठेवणे, एवढेच प्रामाणिकपणाचे ठरते.

१९८२ मध्ये ते प्रांतिक विधानसभेवर निवडून आले, परंतु पक्षाच्या धोरणानुसार त्यांनी आसन स्वीकारले नाही. ब्रिटिश सत्तेच्या सभागृहात बसणे म्हणजे तिला मान्यता देणे, ही त्यामागील भूमिका. १९९७ मध्ये ते मिड अल्स्टर मतदारसंघातून ब्रिटिश संसदेवर निवडून आले, तेव्हाही राजनिष्ठेची शपथ घ्यावी लागत असल्यामुळे त्यांनी कधी आसन घेतले नाही.

याच काळातील एक प्रसंग आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. ऑक्टोबर १९८८ पासून सप्टेंबर १९९४ पर्यंत शिन फेनसह काही संघटनांच्या प्रतिनिधींचा आवाज प्रसारित करण्यास ब्रिटिश शासनाने बंदी घातली होती. शब्द प्रसारित करण्यास मनाई नव्हती. त्यामुळे पडद्यावर मॅकगिनेस यांचे ओठ हलत आणि त्यांचेच शब्द एखादा नट आपल्या आवाजात म्हणत असे. उच्चार आणि आशय यांची अशी फारकत कायद्याने घडवून आणल्याचे दुसरे उदाहरण क्वचितच सापडेल. बंदी घालणाऱ्यांनाही एक भाषिक सत्य उमगले होते : माणसाच्या म्हणण्याला अधिकार येतो तो त्याच्या आवाजातून.

१९९० च्या दशकातील शांतता-वाटाघाटींत मॅकगिनेस शिन फेनचे मुख्य वाटाघाटीकार होते. १० एप्रिल १९९८ रोजी ‘गुड फ्रायडे करार’ झाला. २२ मे १९९८ च्या सार्वमतात उत्तर आयर्लंडमधील ७१.१ टक्के मतदारांनी त्याला संमती दिली. शिन फेननेही त्याच महिन्यात पक्षघटना बदलून नव्या विधानसभेत आसने घेण्यास परवानगी दिली.

या कराराच्या भाषेचा अभ्यासकांनी विशेष विचार केला आहे. संयुक्त आयर्लंड होणार की नाही, याचा निर्णय बहुमताच्या संमतीवर सोपवल्यामुळे युनियनिस्टांना त्यात ब्रिटनशी असलेल्या नात्याची हमी दिसली आणि प्रजासत्ताकवाद्यांना एकीकरणाचा सनदशीर मार्ग दिसला. एकाच मजकुरातून दोन वाचन शक्य राहतील अशी रचना जाणीवपूर्वक करणे, याला ‘हेतुपुरस्सर संदिग्धता’ म्हणतात. शस्त्रांच्या बाबतीतही हेच घडले. ‘शस्त्रे खाली ठेवणे’ या शब्दांतून शरणागती सूचित होते. म्हणून मे २००० मध्ये आयआरएने आपली शस्त्रे ‘वापराबाहेर ठेवण्याची’ तयारी दर्शवली. कृती तीच, तिच्यातील पराभवाचा अर्थ तेवढा वगळला गेला.

६.२.३ शिक्षणमंत्री (१९९९–२००२)

नव्या रचनेत १०८ सदस्यांची विधानसभा होती. मंत्रिपदे बहुमताने न वाटता पक्षांच्या संख्याबळाच्या प्रमाणात, ‘डि’हॉन्ट’ या गणिती पद्धतीने वाटली जात. त्यामुळे विजयी पक्ष आणि विरोधी पक्ष अशी विभागणी न होता प्रतिस्पर्धी पक्ष एकाच मंत्रिमंडळात बसत. डिसेंबर १९९९ मध्ये अधिकारांचे हस्तांतरण झाले. अल्स्टर युनियनिस्ट पक्षाचे डेव्हिड ट्रिंबल शासनाचे प्रमुख आणि मवाळ राष्ट्रवादी पक्षाचे शेमस मॅलन सहप्रमुख झाले. शिक्षणखाते मॅकगिनेस यांच्याकडे आले.

या नियुक्तीने युनियनिस्ट समाजात संताप उसळला. काही शाळांतील विद्यार्थ्यांनी वर्गाबाहेर पडून निषेध नोंदवला. ज्या माणसाला आपण आपल्या नातेवाइकांच्या मृत्यूला जबाबदार धरतो, त्याच्या हाती आपल्या मुलांचे शिक्षण द्यायचे, हा त्यांच्या मते सहन न होणारा प्रकार होता. या भावनेला ‘पूर्वग्रह’ म्हणून बाजूला सारणे अभ्यासकाला शोभणारे नाही.

मंत्री म्हणून त्यांनी घेतलेले निर्णय त्यांच्या स्वतःच्या जीवनाशी जोडलेले दिसतात. अकराव्या वर्षीच्या निवड परीक्षेमुळे मुलांची दोन गटांत विभागणी होत असे : उत्तीर्ण झालेल्यांना ‘ग्रामर स्कूल’, इतरांना सामान्य माध्यमिक शाळा. त्यांनी या पद्धतीचा फेरविचार करण्यासाठी समिती नेमली आणि तिच्या २००१ च्या अहवालानंतर, ऑक्टोबर २००२ मध्ये, परीक्षा रद्द करण्याची घोषणा केली. शाळांच्या निकालांची तुलनात्मक यादी प्रसिद्ध करण्याची प्रथाही त्यांच्या काळात बंद झाली. आयरिश माध्यमाच्या शिक्षणाच्या विकासासाठी २००० मध्ये स्वतंत्र मंडळ स्थापन झाले.

या निर्णयांचे फलित संमिश्र होते. शासकीय परीक्षा शेवटची २००८ मध्ये झाली. परंतु त्यानंतर अनेक ग्रामर शाळांनी स्वतःच्या खाजगी प्रवेशपरीक्षा सुरू केल्या आणि निवडीची पद्धत दुसऱ्या दाराने टिकून राहिली. केवळ प्रशासकीय आदेशाने सामाजिक व्यवहार बदलत नाही, हे यावरून दिसते. शिवाय प्रादेशिक शासन स्वतःच अस्थिर होते. फेब्रुवारी २००० मध्ये ते काही महिन्यांसाठी आणि १४ ऑक्टोबर २००२ पासून दीर्घकाळासाठी स्थगित झाले.

स्वयं-अध्ययन प्रश्न – १

अ) योग्य पर्याय निवडा.
१) ‘डेरी’ या नावाचा मूळ आयरिश अर्थ – (क) नदीचे वळण (ख) ओकवृक्षांची राई (ग) तटबंदीचे गाव
२) नव्या विधानसभेत मंत्रिपदांचे वाटप होत असे – (क) बहुमताने (ख) राजाच्या नियुक्तीने (ग) संख्याबळाच्या प्रमाणात

आ) एका वाक्यात उत्तर लिहा.
१) ‘हेतुपुरस्सर संदिग्धता’ म्हणजे काय?

६.२.४ शासनाचे सहप्रमुख (२००७–२०१७)

जुलै २००५ मध्ये आयआरएने सशस्त्र मोहीम संपल्याचे जाहीर केले. ऑक्टोबर २००६ मध्ये सेंट अँड्र्यूज येथे नवा समझोता झाला. जानेवारी २००७ मध्ये शिन फेनने प्रांताच्या पोलीस दलाला पाठिंबा देण्याचा निर्णय घेतला. प्रजासत्ताकवादी परंपरेत हा फार मोठा बदल होता. ८ मे २००७ रोजी शासन पुन्हा सुरू झाले. प्रमुखपदी डेमोक्रॅटिक युनियनिस्ट पक्षाचे इयन पेस्ली होते. कॅथलिक चर्च आणि शिन फेन यांना आयुष्यभर कडवा विरोध करणारे हे प्रॉटेस्टंट धर्मोपदेशक! सहप्रमुखपदी मॅकगिनेस आले.

पदग्रहणाच्या वेळी मंत्र्यांना राजनिष्ठेची शपथ घ्यावी लागत नव्हती. त्याऐवजी ‘पदप्रतिज्ञा’ होती. तिच्यात अहिंसेची आणि केवळ शांततामय व लोकशाही मार्गांची बांधिलकी होती. सेंट अँड्र्यूजनंतर कायद्याचे राज्य, पोलीस व न्यायालये यांना पाठिंबा देण्याचे वचनही तिच्यात आले. ब्रिटिश तत्त्वज्ञ जे. एल. ऑस्टिन यांनी मांडलेली ‘कृतिरूप विधाने’ ही संकल्पना तुम्ही घटक २ मध्ये अभ्यासली आहे. ‘मी प्रतिज्ञा करतो’ हे वाक्य उच्चारणे हीच ती कृती असते. ‘शपथ’ हा शब्द वगळून ‘प्रतिज्ञा’ हा शब्द ठेवल्यामुळे ज्यांना राजसत्ता अमान्य होती त्यांनाही शासनात प्रवेश करता आला. एका शब्दाच्या बदलाने घडवलेली ही राजकीय सोय आहे.

आता पदनामाकडे वळू. इंग्रजी पदनामाचे शब्दशः भाषांतर ‘उप प्रथम मंत्री’ असे होईल आणि मराठी वाचक ते लगेच ‘उपमुख्यमंत्री’ असे समजेल. हे भाषांतर दिशाभूल करणारे आहे. भारतीय राज्यघटनेत उपमुख्यमंत्री या पदाचा उल्लेख नाही. कायद्याच्या दृष्टीने ती व्यक्ती मंत्रिमंडळातील एक मंत्री असते. तिने राजीनामा दिला तर शासन पडत नाही. उत्तर आयर्लंडमध्ये मात्र दोन्ही पदांचे अधिकार समान आहेत आणि एकाने राजीनामा दिला की दुसऱ्याचेही पद संपुष्टात येते. ही समानता सूचित करण्यासाठी इंग्रजीत ‘उप’ या अर्थाच्या शब्दाचे आद्याक्षर मुद्दाम लहान लिपीत लिहितात. देवनागरीत लहान-मोठ्या अक्षरांचा भेद नसल्यामुळे ही खूण भाषांतरात हरवते. म्हणून या घटकात आपण ‘सहप्रमुख’ हा पर्याय स्वीकारला आहे. शब्दाशी निष्ठा आणि व्यवस्थेशी निष्ठा यांत विरोध आला, तर भाषांतरकाराने कोणती निवड करावी, याचा विचार या उदाहरणावरून करता येईल.

पेस्ली आणि मॅकगिनेस यांचे संबंध सर्वांच्या अपेक्षेपेक्षा सलोख्याचे राहिले. दोघे इतक्यांदा हसताना दिसत, की वृत्तपत्रांनी त्यांना ‘हसरे भाऊ’ अशा अर्थाचे टोपणनाव दिले. जून २००८ मध्ये पेस्ली यांच्या जागी पीटर रॉबिन्सन आले.

मार्च २००९ मध्ये फुटीर प्रजासत्ताकवादी गटांनी दोन ब्रिटिश सैनिकांची आणि एका पोलीस अधिकाऱ्याची हत्या केली. तेव्हा मॅकगिनेस रॉबिन्सन आणि पोलीस प्रमुख यांच्या शेजारी उभे राहिले आणि मारेकरी ‘आयर्लंड बेटाचे द्रोही’ आहेत, असे म्हणाले. या शब्दप्रयोगाचे विश्लेषण करण्यासारखे आहे. ‘द्रोही’ हा शब्द राष्ट्रवादी परंपरेतील अत्यंत कठोर शब्द. आजवर तो ब्रिटिशांना सामील झालेल्यांसाठी वापरला जाई. मॅकगिनेस यांनी तो बंदूक चालवणाऱ्यांवर उलटवला. शिवाय द्रोह कोणाशी? राज्याशी नव्हे, ‘बेटाशी’. म्हणजे त्या बेटावरील सर्व माणसांशी. या वाक्यानंतर त्यांच्या जिवाला धोका वाढला आणि कट्टर गटांनी त्यांनाच ‘द्रोही’ ठरवले.

फेब्रुवारी २०१० च्या हिल्सबरो समझोत्यानंतर, १२ एप्रिल २०१० रोजी, पोलीस व न्याय ही खाती प्रादेशिक शासनाकडे आली. २०११ मध्ये मॅकगिनेस यांनी आयर्लंडच्या राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक लढवली. प्रचारादरम्यान, आयआरएच्या गोळीबारात मारल्या गेलेल्या एका आयरिश सैनिकाच्या मुलाने वडिलांचे छायाचित्र हाती घेऊन त्यांना जाहीरपणे जाब विचारला. या निवडणुकीत त्यांना १३.७ टक्के मते मिळाली आणि ते तिसऱ्या स्थानी राहिले. सीमेपलीकडील मतदारांनी भूतकाळाचा हिशेब मिटलेला मानला नाही.

६.२.५ हस्तांदोलन, आयरिश भाषा आणि राजीनामा

२७ जून २०१२ रोजी बेलफास्टच्या लिरिक नाट्यगृहात मॅकगिनेस यांनी राणी एलिझाबेथ यांच्याशी हस्तांदोलन केले. राणीचे आप्त लॉर्ड माउंटबॅटन, जे भारताचे शेवटचे व्हाइसरॉय होते, त्यांची आयआरएने ऑगस्ट १९७९ मध्ये बाँबस्फोटात हत्या केली होती. आणि राणी ही त्या सैन्याची सर्वोच्च प्रमुख होती, ज्याने डेरीत गोळीबार केला होता. दोघांनाही विसरण्यासारखे काही नव्हते. निरोप घेताना मॅकगिनेस यांनी आयरिश भाषेत ‘निरोप आणि आशीर्वाद’ या अर्थाचे शब्द उच्चारले. वर्षभरापूर्वी, मे २०११ मध्ये, डब्लिनमधील भाषणाची सुरुवात राणीने आयरिश शब्दांनी केली होती. एकेकाळी सत्तेने बाजूला सारलेली भाषा सौजन्याची भाषा म्हणून दोन्ही बाजूंनी वापरली गेली.

तीच भाषा अखेरच्या संघर्षाचेही एक निमित्त ठरली. जानेवारी २०१६ मध्ये अर्लीन फॉस्टर शासनाच्या प्रमुख झाल्या. वर्षाअखेरीस अपारंपरिक इंधनाला अनुदान देणारी एक योजना ढिसाळपणामुळे सरकारी तिजोरीवर मोठा भार टाकत असल्याचे उघड झाले. फॉस्टर उद्योगमंत्री असताना ती सुरू झाली होती. चौकशी होईपर्यंत त्यांनी तात्पुरते बाजूला व्हावे, ही मागणी त्यांनी नाकारली. त्यातच २३ डिसेंबर २०१६ रोजी त्यांच्या पक्षाच्या मंत्र्याने ‘लीफा’ या योजनेचे ५०,००० पौंडांचे अनुदान थांबवले. गरीब घरांतील मुलांना आयरिश भाषा शिकण्यासाठी आयरिशभाषक भागात जाता यावे, म्हणून ते दिले जात असे. रक्कम क्षुल्लक होती. तिच्यामागील अवहेलना क्षुल्लक वाटली नाही.

९ जानेवारी २०१७ रोजी, गंभीर आजारी असलेल्या मॅकगिनेस यांनी राजीनामा दिला. राजीनामापत्रात आयरिश भाषकांविषयीच्या अवहेलनेचाही उल्लेख होता. नियमानुसार फॉस्टर यांचेही पद गेले. २ मार्चच्या निवडणुकीत ९० जागांपैकी डेमोक्रॅटिक युनियनिस्टांना २८ आणि शिन फेनला २७ जागा मिळाल्या. प्रांताच्या इतिहासात प्रथमच युनियनिस्टांचे बहुमत राहिले नाही. २१ मार्च २०१७ रोजी मॅकगिनेस यांचे निधन झाले. अंत्यविधीला फॉस्टर उपस्थित राहिल्या आणि चर्चमधील लोकांनी टाळ्या वाजवून त्यांचे स्वागत केले. शासन मात्र जानेवारी २०२० पर्यंत ठप्प राहिले. आयरिश भाषेला अधिकृत दर्जा देणारा कायदा २०२२ मध्ये ब्रिटिश संसदेला करावा लागला. फेब्रुवारी २०२४ मध्ये शिन फेनच्या मिशेल ओनील शासनाच्या प्रमुख झाल्या.

६.२.६ मराठीतून लिहिताना : विशेषणांचा प्रश्न

प्रास्ताविकातील प्रश्नाकडे आता परत येऊ. मॅकगिनेस यांना मराठीत काय म्हणावे?

‘क्रांतिकारक’ हा शब्द मराठीत गौरवाचा आहे. ब्रिटिश सत्तेविरुद्ध शस्त्र उचलणाऱ्या आपल्या पूर्वजांसाठी आपण तो वापरतो. तो आयआरएच्या नेत्याला लावला की वाचक नकळत त्याच्या बाजूने उभा राहतो आणि बाजारात, उपाहारगृहात स्फोटांत मेलेली सामान्य माणसे नजरेआड होतात. ‘दहशतवादी’ हा शब्द वापरला, तर रक्तरंजित रविवार, भेदभाव आणि पुढची वीस वर्षांची वाटाघाटींची मेहनत नजरेआड होते. ‘माजी दहशतवादी’ यातील ‘माजी’ हे पद दोन्ही काळांना जोडते. तरी मूळ शब्दाचा निवाडा कायमच राहतो.

अशा वेळी पुढील तीन कसोट्या उपयोगी पडतात. एक : व्यक्तीला लेबल न लावता कृतीचे वर्णन करावे. ‘१९७२ मध्ये ते डेरीतील आयआरएचे दुय्यम प्रमुख होते’ हे वाक्य कोणत्याही विशेषणापेक्षा अधिक सांगते. दोन : मत कोणाचे आहे, हे वाक्यातच नोंदवावे. तीन : एकच निकष दोन्ही बाजूंना लावावा. डेरीतील गोळीबाराला ‘हत्याकांड’ म्हणायचे असेल, तर आयआरएच्या स्फोटांना ‘कारवाई’ म्हणता येणार नाही.

याचा अर्थ लेखकाने कधीच निवाडा करू नये, असा नाही. मॅकगिनेस यांनी हिंसेच्या मार्गाचा त्याग करून प्रतिस्पर्ध्यांसोबत शासन चालवले, हे मूल्यवान होते, असे म्हणता येते. ज्यांची माणसे गेली त्यांना अनेक प्रश्नांची उत्तरे त्यांच्याकडून कधीच मिळाली नाहीत, हेही म्हणावे लागते. यांतील एक विधान दुसऱ्याला खोडत नाही. निवाडा वाचकासमोर विधान म्हणून यावा. विशेषणात दडवून येऊ नये, एवढाच आग्रह आहे.

स्वयं-अध्ययन प्रश्न – २

चूक की बरोबर ते लिहा.
१) उत्तर आयर्लंडमधील सहप्रमुखाचे अधिकार प्रमुखापेक्षा कमी असतात.
२) १९८८ ते १९९४ या काळात शिन फेनच्या नेत्यांचे शब्द प्रसारित करता येत होते.
३) भारतीय राज्यघटनेत उपमुख्यमंत्री या पदाचा उल्लेख आहे.

६.३ सारांश

मार्टिन मॅकगिनेस यांची कारकीर्द सशस्त्र संघर्षाकडून वाटाघाटींकडे आणि तेथून प्रादेशिक शासनाकडे गेली. १९९९ ते २००२ या काळात ते, मधला खंड वगळता, शिक्षणमंत्री होते. २००७ ते २०१७ या काळात पेस्ली, रॉबिन्सन व फॉस्टर यांच्यासोबत ते शासनाचे सहप्रमुख होते. या प्रवासातील प्रत्येक टप्प्यावर भाषेचा प्रश्न उभा राहिला : प्रदेशाचे नाव, शस्त्रांविषयीचे शब्द, शपथ की प्रतिज्ञा, पदनामाचे लहान अक्षर, ‘द्रोही’ या शब्दाचे लक्ष्य आणि शेवटी आयरिश भाषेचे अनुदान. मराठीत हा विषय मांडताना पदनामांचे भाषांतर व्यवस्थेचा विचार करून करावे आणि विशेषणांऐवजी कृतींच्या वर्णनावर भर द्यावा.

६.४ पारिभाषिक शब्द

अधिकार-हस्तांतरण : केंद्रीय संसदेने आपल्या अधिकारांपैकी काही प्रादेशिक शासनाकडे सोपवणे.
कृतिरूप विधान : जे उच्चारल्याने कृती घडते असे विधान, उदा. प्रतिज्ञा, क्षमायाचना.
प्रजासत्ताकवादी : संयुक्त, स्वतंत्र आयरिश प्रजासत्ताकाचा पुरस्कार करणारा.
हेतुपुरस्सर संदिग्धता : परस्परविरोधी पक्षांना स्वीकारता यावी म्हणून केलेली अनेकार्थी शब्दरचना.

६.५ स्वयं-अध्ययन प्रश्नांची उत्तरे

प्रश्न १ : अ) १ – (ख), २ – (ग). आ) परस्परविरोधी पक्षांना आपापला अर्थ काढता यावा म्हणून जाणीवपूर्वक केलेली शब्दरचना म्हणजे हेतुपुरस्सर संदिग्धता.
प्रश्न २ : १ – चूक, २ – बरोबर, ३ – चूक.

६.६ सरावासाठी स्वाध्याय

१) ‘स्थलनाम ही अस्मितेची खूण असते’ हे विधान डेरी/लंडनडेरी या उदाहरणाच्या आधारे स्पष्ट करा.
२) शिक्षणमंत्री म्हणून मॅकगिनेस यांनी घेतलेल्या निर्णयांचे व त्यांच्या फलिताचे मूल्यमापन करा.
३) ‘सहप्रमुख’ व ‘उपमुख्यमंत्री’ या दोन पर्यायांची भाषांतराच्या दृष्टीने तुलना करा.
४) उपक्रम : एकाच राजकीय घटनेविषयी दोन मराठी दैनिकांतील बातम्या मिळवा. दोन्हींतील विशेषणे, क्रियापदे व स्थलनामे यांची यादी करा. कोणत्या शब्दांतून निवाडा डोकावतो ते नोंदवा आणि घटकात दिलेल्या तीन कसोट्यांनुसार तीच बातमी सुमारे १५० शब्दांत पुन्हा लिहा.